लुई ब्रेल : बोटांच्या टोकांना अक्षरे देणारा शिक्षक

विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते साहाय्यक साधन द्यावे, हे ठरविण्यापूर्वी आज त्याच्या क्षमतेची, गरजेची आणि वर्गातील कामाची पाहणी करावी लागते. लुई ब्रेल यांच्या काळात अशी शास्त्रशुद्ध पद्धत नव्हती. तरीही शाळेत शिकत असतानाच त्यांनी नेमके हेच काम केले.

पॅरिसच्या पूर्वेकडील कूपव्रे या गावात ४ जानेवारी १८०९ रोजी ब्रेल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज तयार करणारे कारागीर होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कार्यशाळेतील टोकदार हत्यार छोट्या लुईच्या डोळ्यात घुसले. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. आईवडिलांनी मात्र मुलाला गावच्या शाळेत घातले. पुढे १८१९ मध्ये पॅरिसमधील अंध मुलांच्या शाही संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला.

व्हॅलेंटिन आउई यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत मोठी, उठावाची रोमन अक्षरे छापलेली पुस्तके होती. ती जड व खर्चिक असत. प्रत्येक अक्षराचा आकार चाचपताना वाचन अतिशय संथ होई. शिवाय मुलांना अशी अक्षरे स्वतः लिहिता येत नसत. अक्षरे डोळ्यांसाठी घडविलेली होती आणि वाचायची मात्र बोटांनी होती.

तोफखान्यातील निवृत्त अधिकारी शार्ल बार्बिए यांनी १८२१ मध्ये उठावाच्या टिंबांची आपली पद्धत संस्थेसमोर मांडली. रेषेपेक्षा टिंब बोटाला लवकर कळते, हे ब्रेल यांनी ओळखले. पण त्यांना या पद्धतीतील उणिवाही दिसल्या. एका चिन्हात १२ टिंबांपर्यंत जागा लागत असल्याने ते बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नसे. चिन्हे ध्वनींची असल्याने शुद्धलेखन शिकता येत नसे, आणि विरामचिन्हे व अंकांची सोयही नव्हती.

ब्रेल यांनी टिंबे ठेवली, पण त्यांची संख्या सहावर आणली. अक्षरे, अंक आणि संगीताची स्वरलिपी या ६३ रचनांत बसू शकली. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांची लिपी बहुतांशी तयार झाली होती. ती १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८३७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. याच संस्थेत ते शिक्षक झाले. चर्चमध्ये ते ऑर्गनही वाजवीत.

परंतु डोळस प्रशासकांना ही लिपी परकी वाटली. अंध मुलांनी डोळसांचीच अक्षरे शिकावीत, असा आग्रह धरून १८४० मध्ये आलेल्या नव्या संचालकांनी तिच्यावर बंदी घातली. तरीही मुलांनी लपूनछपून वापर चालूच ठेवला. अखेर १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी या लिपीतील लेखन-वाचनाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

डोळसांशी पत्रव्यवहाराची गरजही ब्रेल यांनी दुर्लक्षिली नाही. त्यासाठी त्यांनी १८३९ मध्ये टिंबांतून रोमन अक्षरे उमटविण्याची वेगळी पद्धत मांडली. एका गरजेसाठी एक साधन आणि दुसऱ्या गरजेसाठी दुसरे, हा विचार त्यामागे होता.

क्षयाने ६ जानेवारी १८५२ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती दोन वर्षांनंतर. भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धत ठरली आणि तिच्यात मराठीही आली. ब्रेल यांच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त २००९ मध्ये भारत सरकारने दोन रुपयांचे नाणे काढले.

आज पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणक प्रणाली आहे, तसेच टिंबे वरखाली होऊन तोच मजकूर बोटांखाली आणणारे उपकरणही आहे. एखाद्या मुलासाठी त्यातील काय योग्य, याची बैठक शिक्षक, पालक आणि तज्ज्ञ घेतात. त्या बैठकीत विद्यार्थ्यालाही बोलू द्यावे, कारण साधनाची उणीव सर्वांत आधी त्यालाच जाणवते. पॅरिसमधील त्या पंधरा वर्षांच्या मुलाने हे दाखवून दिले होते.