मॅकिंटॉश सुरू करणारा माणूस सांगून गेला, कॉम्प्युटर सोपा नसतो, फक्त सवयीचा असतो

वर्षानुवर्षं विंडोज वापरणाऱ्याच्या हातात मॅक आला की पहिल्या दिवशी काय होतं? फाईल निवडून एंटर दाबला तर ती उघडत नाही, नाव बदलायची चौकट येते. नुसतं डिलीट दाबलं तर फाईल जागची हलत नाही. लाल बटण दाबून विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम मागे चालूच. दहा वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेला माणूस पाच मिनिटांत नवशिका होतो आणि दोष स्वतःलाच देतो.

पण हा दोष त्याचा नाही, असं ठासून सांगणारा एक माणूस होऊन गेला. आणि गंमत म्हणजे मॅकची सुरुवात त्यानेच केली होती. त्याचं नाव जेफ रॅस्किन.

रॅस्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ चा, न्यूयॉर्कमधला. गणित आणि फिजिक्स शिकले, पेन स्टेट विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स केलं. पुढे नोकरी धरली ती मात्र सॅन डिएगोच्या विद्यापीठात, कला शिकवण्याची. त्याच्या जोडीला संगीताचं वेडही होतंच.

१९७६ मध्ये त्यांची गाठ जॉब्स आणि वॉझ्नियॅक या जोडीशी पडली. ॲपल तेव्हा नुकती सुरू झाली होती. रॅस्किन यांना काम मिळालं मॅन्युअल लिहिण्याचं. १९७८ मध्ये ते ॲपलचे ३१ वे कर्मचारी झाले आणि कंपनीची माहितीपुस्तकं काढणारा विभाग सांभाळू लागले.

मॅन्युअल लिहिणाऱ्याला एक गोष्ट पटकन कळते. जे समजावून सांगायला चार पानं लागतात, ते मुळातच किचकट बनवलेलं असतं.

म्हणून १९७९ मध्ये त्यांनी ॲपलमध्ये एक वेगळा प्रकल्प सुरू केला. साध्या माणसाला परवडेल आणि वापरता येईल असा कॉम्प्युटर, किंमत ५०० डॉलरच्या आसपास. नाव ठेवलं आपल्या आवडत्या मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचं. त्याच नावाची एक ऑडिओ कंपनी आधीपासून होती, म्हणून इंग्रजी स्पेलिंग तेवढं बदललं.

त्या काळात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात माऊसला तीन बटणं असायची. कुठलं बटण कधी दाबायचं, हे लक्षात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. रॅस्किन यांचा आग्रह होता की बटण एकच हवं. ॲपलच्याच लॅरी टेस्लर यांनीही हीच बाजू लावून धरली होती, त्यामुळे श्रेय एकट्या रॅस्किन यांचं नाही.

बटण एकच, पण कामं अनेक. म्हणून एक क्लिक म्हणजे निवडणं, दोन क्लिक म्हणजे उघडणं आणि दाबून ओढणं म्हणजे हलवणं. आज विंडोज असो की मॅक, फाईल हाताळण्याचा पाया हाच आहे.

पण मॅक रॅस्किन यांच्या हातात राहिला नाही. १९८१ मध्ये जॉब्स यांनी प्रकल्प ताब्यात घेतला आणि १९८२ मध्ये रॅस्किन ॲपलमधून बाहेर पडले. जानेवारी १९८४ मध्ये मॅक बाजारात आला तेव्हा किंमत होती २,४९५ डॉलर. स्वप्नातल्या किमतीच्या जवळपास पाचपट!

पुढे १९८७ मध्ये त्यांनी डिझाईन केलेलं कॅनन कॅट हे मशीन आलं. त्यात माऊस नव्हता आणि फाईलला नाव देण्याची भानगडही नव्हती. सगळा मजकूर एकाच लांब पट्टीसारखा. दोन खास बटणांपैकी एक दाबून धरायचं, हवा तो शब्द टाईप करायचा आणि थेट तिथे पोहोचायचं. कल्पना भारी होती, पण मशीन लवकरच बंद पडलं.

१९९४ मध्ये रॅस्किन यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यात एक प्रयोग होता. फिनलंडहून आलेल्या, कॉम्प्युटर जाणणाऱ्या पण माऊस कधीच न पाहिलेल्या एका शिक्षिकेला त्यांनी माऊस दाखवला आणि याने प्रोग्रॅम चालवायचा, एवढंच सांगितलं. बाईंनी माऊस उचलून हवेत फिरवला. मग तो उलटा करून खालचा गोळा बोटाने फिरवू लागल्या.

बाई हुशार होत्या, फक्त त्यांना सवय नव्हती. रॅस्किन यांचा मुद्दा हाच होता. आपण ज्याला सहज म्हणतो, ते फक्त ओळखीचं असतं.

म्हणूनच सिस्टीम बदलली की नवं शिकण्यापेक्षा जुनी सवय मोडणं जड जातं. त्यावर उपाय म्हणजे रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टी आधी पक्क्या करणं. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक वेळा कमांड चालतं. फाईल उघडायला कमांड आणि ओ, कचऱ्यात टाकायला कमांड आणि डिलीट. फाईल दुसरीकडे हलवायची तर कमांड-सी करून मग ऑप्शन-कमांड-व्ही. राईट क्लिक हवं असेल तर कंट्रोल दाबून क्लिक. स्क्रोल उलटं वाटत असेल तर सेटिंगमधून दिशा बदलता येते.

ओढण्याचा नियम मात्र दोन्हीकडे साधारण सारखाच आहे. त्याच डिस्कवर फाईल ओढली तर ती हलते, पेन ड्राईव्हवर ओढली तर तिची कॉपी होते.

२००० साली आलेल्या आपल्या पुस्तकात रॅस्किन यांनी एका बटणाबद्दलचं मतही बदललं. निवडण्यासाठी एक आणि उघडण्यासाठी एक अशी दोन बटणं, वर त्यांची नावं छापलेली, आणि जमल्यास पकडण्यासाठी बाजूला दाबायचं तिसरं, असं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी लिहिलं.

२६ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने नवा माऊस आणला. त्याला डावं-उजवं क्लिक होतं आणि बाजूने दाबायची सोयही होती. फक्त कुठल्या बटणाने काय होतं, हे त्यावर छापलेलं नव्हतं. ते पुन्हा ज्याचं त्यालाच शिकावं लागलं.