हुकमाआधीचे वसतिगृह

कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज १८९४ साली कोल्हापूरच्या गादीवर बसले. त्यांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा हुकूम आम्हा सरकारी नोकरांना चांगला ठाऊक. कुणाची तरी नोकरी काढून दुसऱ्याला दिली, हा गैरसमज मात्र अजून ऐकू येतो. हुकूम होता पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता. त्यांतल्या किमान निम्म्या मागासलेल्या वर्गांना. पण त्यासाठी शिकलेली मुले कुठून आणायची? खेड्यातल्या पोराने राजाराम कॉलेज गाठायचे, तर आधी कोल्हापुरात राहायचे-जेवायचे कुठे? महाराजांनी हे हुकमाआधीच ओळखले होते. १९०१ मध्ये मराठा वसतिगृह निघाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांचेही. १९२२ साली, पन्नाशीही न गाठता, महाराज गेले. वसतिगृहे चालू राहिली.