सम्राट अशोक आणि तीन दिवसांची मुदत

विहारात येता-जाता आपण अशोकचक्र बघतो, हात जोडतो. पण अशोकानं राज्य चालवलं कसं, असं घरातल्या मुलांना विचारून बघा. बहुतेक जण कलिंगाच्या लढाईपाशी येऊन थांबतात. खरी गोष्ट तर तिथून पुढेच आहे.

चंद्रगुप्त मौर्याचा हा नातू, बिंदुसाराचा मुलगा. तरुणपणी उज्जैनचा कारभार पाहिला आणि इ.स.पू. २६८ च्या सुमारास पाटलीपुत्राच्या गादीवर आला. अभिषेकाला आठ वर्षं झाली तेव्हा त्यानं कलिंग जिंकलं. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली. हा आकडा शत्रूनं सांगितलेला नाही बरं का. त्यानं स्वतःच दगडावर कोरून ठेवला. आपल्या हातून घडलेलं असं जाहीरपणे कबूल करणारा राजा शोधून सापडायचा नाही.

मात्र कलिंगातल्याच धौली आणि जौगड इथं हा लेख नाही. तिथं त्यानं वेगळा हुकूम कोरला, तोही अधिकाऱ्यांसाठी. सगळी प्रजा माझी मुलं आहेत, विनाकारण कुणाला कोंडू नका, छळू नका, असा त्याचा आशय. मत्सर, राग, घाई, आळस, कंटाळा यांमुळे न्याय बिघडतो, हेही त्यात बजावलं आहे. हुकूम कोरला आणि विसरला, असं मात्र नाही. तिष्य नक्षत्राच्या दिवशी तो लोकांना वाचून दाखवायचा होता, आणि तपासणीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर पाठवायचे होते. मी जेवत असो की अंतःपुरात, लोकांचं काम असेल तर तिथंही कळवा, असंही त्याचं फर्मान होतं.

अभिषेकानंतर तेरा वर्षांनी त्यानं धम्ममहामात्र नेमले. कैद्यांची विचारपूस हे त्यांचं एक काम. ज्याच्या पदरी लेकरं आहेत, जो म्हातारा आहे, त्याच्या सुटकेकडे त्यांनी लक्ष द्यायचं.

पुढे सव्वीस वर्षं झाल्यावर स्तंभलेखात त्यानं रज्जुकांना सांगितलं, की खटला आणि शिक्षा सर्वांना सारखी असावी. ज्यांना देहदंड ठरला, त्यांना तीन दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात नातेवाईकांनी धावपळ करून विनंती करावी. कुणीच नसेल तर त्या माणसानं दान-उपवास करून परलोकाची तयारी करावी. देहदंड त्यानं रद्द केला नाही, कलिंगही परत दिलं नाही, हे आपण लपवू नये. पण ज्याच्यासाठी दार ठोठावणारं कुणी नाही, त्याचाही विचार राजाच्या कायद्यात आला, ही लहान गोष्ट नव्हे.

नंतर लोक ती लिपीच विसरले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी वाचली, तेव्हा कुठे हा राजा पुन्हा बोलू लागला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं चक्र असलेला तिरंगा स्वीकारला. त्या ध्वजासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. सारनाथचे सिंह २६ जानेवारी १९५० पासून सरकारची राजमुद्रा झाले.

आणि हे सगळं फार लांबचं नाही. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये नवव्याचा. सोपाऱ्याचा लेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जा, अक्षरं अजून दिसतात.