मात्सुएचे हर्न मास्तर

शाळा सोडून गेलेले कित्येक विद्यार्थी शिक्षकाची सनद मिळवून परदेशीं नोकरीस जाण्याचा विचार करतात, आणि प्रमाणपत्रांच्या नकलांवर सही घेण्यासाठीं आमच्याकडे येतात. पगार किती, राहावयास घर मिळतें कीं नाहीं, हे प्रश्न त्यांच्या आईबापांनीं आधींच विचारून ठेवलेले असतात. व ते योग्यच आहेत. परंतु अशा वेळीं आम्हांस लाफ्काडिओ हर्न यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्यांच्यापाशीं सनद नव्हती, पदवी नव्हती, आणि ज्या देशांत शिकवावयाचें त्या देशाची भाषाहि येत नव्हती.

हर्न यांचा जन्म 27 जून 1850 रोजीं ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यांतील आयरिश डॉक्टर. आईबापांची फारकत झाली, आणि मूल डब्लिन येथें वडिलांच्या मावशीच्या पदरीं पडलें. इंग्लंडांतील शाळेंत असतां सोळाव्या वर्षीं खेळतांना झालेल्या इजेनें त्यांचा डावा डोळा गेला. उजव्या डोळ्यानेंहि वस्तु अगदीं जवळ धरल्याशिवाय दिसत नसे. पुढें मावशीची संपत्ति बुडाली, व एकोणीस वर्षांच्या ह्या मुलास अमेरिकेस पाठवून देण्यांत आलें. सिनसिनाटी शहरीं त्यांनीं उपासमार सोसली, एका मुद्रकाच्या आश्रयानें छपाईचें काम शिकले, आणि वर्तमानपत्राचे बातमीदार झाले. न्यू ऑर्लीन्समध्यें दहा वर्षें व मार्टिनीक बेटावर सुमारें दोन वर्षें काढून, एका अमेरिकन मासिकासाठीं लेख लिहावयाच्या बोलीवर एप्रिल 1890 मध्यें ते योकोहामा बंदरीं उतरले. थोड्याच दिवसांत प्रकाशकांशीं त्यांचें बिनसलें. चाळिशीचा मनुष्य, परका देश, आणि हातीं काम नाहीं!

त्या काळीं जपानचें सरकार पाश्चात्य विद्या शिकविण्यासाठीं परदेशी शिक्षक मोठ्या वेतनावर, कराराची मुदत ठरवून, आणवीत असे. टोकियो येथील प्राध्यापक चेंबरलेन व शिक्षणखात्यांतील हात्तोरी इचिझो यांच्या खटपटीनें हर्न यांस पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए गांवीं इंग्रजीच्या शिक्षकाची जागा मिळाली. वेतन दरमहा 100 येन. माध्यमिक शाळा व शिक्षक तयार करणारी नॉर्मल शाळा, अशा दोन्ही ठिकाणीं शिकवावयाचें. 30 ऑगस्ट 1890 रोजीं ते तेथें पोहोंचले.

माध्यमिक शाळेंतील सहकारी निशिदा सेंतारो हे त्यांस उत्तम इंग्रजी जाणणारे मित्र लाभले. कोणास वांकून नमस्कार करावा, कोणत्या घरीं काय बोलूं नये, हें सर्व निशिदांनीं शिकविलें. हर्न यांनीं पुढें आपला एक ग्रंथ त्यांस अर्पण केला. शिकविण्याची हर्न यांची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. मुलांस ठाऊक असलेल्या गोष्टींवरच ते निबंध लिहावयास सांगत: गांवचा सण, एखादा किडा, घरांतील चाल. मुलें मोडक्यातोडक्या इंग्रजींत लिहीत, मास्तर तें सुधारीत, आणि सुधारतां सुधारतां जपान शिकत. वर्गांत गुरु कोण व शिष्य कोण, असा प्रश्न आम्हांस पडतो.

ह्या मुलांत योकोगी नांवाचा एक हुशार मुलगा होता. तो आजारी पडून खंगत गेला. मरणापूर्वी एका रात्रीं त्यानें आपली शाळा पुन्हा एकदां पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हां घरच्या वृद्ध नोकरानें त्यास पाठीवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत नेलें. आपल्या वर्गाची खिडकी पाहून तो समाधानानें परत आला. ही हकीकत हर्न यांनीं 1894 सालीं निघालेल्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविली आहे. आम्हीं ती वर्गांत वाचून दाखविण्याचा दोनदां प्रयत्न केला. दोन्ही वेळां शेवटपर्यंत वाचवलें नाहीं.

मात्सुएच्या पहिल्याच हिवाळ्यांत हर्न यांस थंडी बाधली. त्यांचें घर सांभाळावयास कोइझुमी सेत्सु ही दारिद्र्य आलेल्या सामुराई घराण्यांतील स्त्री आली, व ती त्यांची पत्नी झाली. तिला इंग्रजी येत नव्हतें, त्यांस जपानी धड येत नव्हतें. दोघांनीं मिळून घरापुरती एक तिसरीच भाषा बनविली. त्या भाषेंत सेत्सुबाई जुन्या कथा सांगत, आणि हर्न त्या इंग्रजींत उतरवीत. 1904 सालचा ‘क्वाइदान’ हा प्रसिद्ध संग्रह अशा सांगण्यांतून झाला.

थंडीमुळें नोव्हेंबर 1891 मध्यें ते दक्षिणेस कुमामोतो येथें गेले. तेथें वेतन दुप्पट, म्हणजे 200 येन. पण मन रमलें नाहीं. 1894 सालीं कोबे येथें पुन्हा वर्तमानपत्राचें काम धरलें, तें डोळ्यानें फार दिवस चालूं दिलें नाहीं.

आतां खरा पेंच आला. हर्न ब्रिटिश प्रजाजन होते. ब्रिटिश कायद्यानें विवाह नोंदविल्यास पत्नीचें जपानी नागरिकत्व जाणार; न नोंदविल्यास त्यांच्यामागें तिला व मुलाला कांहींच हक्क नाहीं. परदेशी राहण्यांत तर मोठ्या वेतनाचा आधार होता. हर्न यांनीं 1896 सालीं पत्नीच्या कुळांत नांव दाखल करून घेतलें, व ते कोइझुमी याकुमो ह्या नांवानें जपानचे नागरिक झाले. त्याच वर्षीं टोकियोच्या सरकारी विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याची जागा मिळाली, आणि वरिष्ठांच्या कृपेनें वेतनहि परदेशी मानाचेंच राहिलें. विद्यार्थ्यांस लिहून घेतां यावें म्हणून ते व्याख्यान अगदीं सावकाश देत. तीं व्याख्यानें त्यांच्या मृत्यूनंतर त्या वह्यांवरूनच छापलीं गेलीं.

परंतु परदेशी शिक्षकांच्या जागीं परदेशीं शिकून आलेले आपले लोक नेमावे, असें विद्यापीठाचें धोरण ठरत चाललें होतें, आणि तें आम्ही चुकीचें म्हणणार नाहीं. हर्न मात्र कायद्यानें जपानी व पगारानें परके, असे मधल्यामध्यें सांपडले. 1903 च्या मार्चमध्यें त्यांची नोकरी संपली. विद्यार्थ्यांनीं त्यांस ठेवून घेण्यासाठीं पुष्कळ धडपड केली. उपयोग झाला नाहीं. त्यांच्या जागीं आलेल्यांत नात्सुमे सोसेकी हे पुढें मोठे कादंबरीकार झालेले गृहस्थ होते.

मिशनरी लोकांविषयीं हर्न यांचें मत फार कडवट होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. तीं पानें वाचतांना आम्हांस वाईट वाटतें, व कांहीं ठिकाणीं ते सरळ अन्याय करतात. जुन्या जपानवरील प्रेमापायीं तेथील दोषांकडेहि त्यांचें लक्ष थोडें कमीच गेलें. तरीहि पत्नीसाठीं आपलें नांव व देश सोडणाऱ्या ह्या माणसाचा आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

1904 च्या वसंतांत वासेदा येथें त्यांस पुन्हा शिकवावयास मिळालें. त्याच वर्षीं 26 सप्टेंबर रोजीं हृदयविकारानें ते वारले. मागें तीन मुलगे व एक लहान मुलगी होती. 1937 पासून दहा वर्षें जपानी शाळांच्या वाचनपुस्तकांत एक धडा होता: समुद्राची प्रचंड लाट येत असलेली पाहून एका म्हाताऱ्यानें आपल्या भाताच्या गंजी पेटवून दिल्या, आणि आग विझविण्यास धांवत टेकडीवर आलेले गांवकरी वांचले. तो धडा हर्न यांच्या कथेवरून घेतलेला होता.

मात्सुए येथें ते सव्वा वर्षहि पुरतें राहिले नाहींत. तरी किल्ल्याजवळील त्यांचें घर बागेसह जतन केलेलें आहे, व शेजारीं 1933 सालीं त्यांचें स्मारक-संग्रहालय उघडण्यांत आलें. एका डोळ्याच्या ह्या मास्तरांस वहीवर नाक टेकून लिहितां यावें, म्हणून मुद्दाम उंच पायांचें करून घेतलेलें त्यांचें मेज तेथें पाहावयास मिळतें.