धोंड्याच्या महिन्यामागचा गणिती

धोंड्याचा महिना आला की घरोघरी जावयाला अनारशांचे वाण दिले जाते. पण हा तेरावा महिना येतो कुठून? या प्रश्नाचा माग काढता काढता मी भास्कराचार्यांपाशी येऊन पोहोचलो.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातली ‘लीलावती’ आपण ऐकून असतो. चंद्र-सूर्याच्या हिशेबाकडे मात्र थोडेच वळतात.

बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षीचा ११ दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण ३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत नाही, तो अधिक. चिनी पंचांगाचा नियमही याच जातीचा. हिजरी वर्षात ही भर नसते, म्हणून आमच्या छत्रपती संभाजीनगरात रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत.

हिवाळ्यात सूर्याची गती वाढते. तेव्हा क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गळतो. हा क्षयमास शके ९७४ मध्ये होऊन गेला, पुढे १११५, १२५६ आणि १३७८ मध्ये येईल, असे भास्कराचार्यांनी लिहून ठेवले. अंतर बहुधा १४१ वर्षांचे, कधी १९ चे, हेही सांगितले. शके १११५ उजाडेल तेव्हा आपण ऐंशीला टेकलेले असू आणि पुढची वर्षे तर पाहणारच नाही, हे त्यांना कळत नव्हते थोडेच! तरीही त्यांनी आपले गणित पुढच्या पिढ्यांच्या हाती तपासायला दिले. वयाच्या ६९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी पंचांगाच्या गणितासाठी ‘करणकुतूहल’ हा सोपा ग्रंथही रचला.

पण तपासणारी माणसे तयार करावी लागतात. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ जे पाटण लागते, तिथे त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

१८२२ नंतर १९६३ मध्ये, म्हणजे १४१ वर्षांनी, क्षयमास आला. त्यानंतर १९ वर्षांनी, १९८३ च्या आरंभी. पुढचा शके २०४५ मध्ये यायचा आहे. तो मला दिसणार नाही. पण तो मोजू शकणारी मुले आपल्या घरांत घडावीत, एवढे तर आपल्या हाती आहे.