डासाचं गुपित शोधलं आणि लगेच बदली झाली!

चाकणच्या भंगार गोदामातला टायर असो की गडचिरोलीच्या पाड्यालगतचा ओढा, डास वाढतो पाण्यातच. त्यामुळे आधी पाण्याकडे बघा, असा हट्ट आयुष्यभर धरणारा माणूस म्हणजे डॉ. रोनाल्ड रॉस.

जन्म 1857 चा, अल्मोड्याचा. खरं तर त्यांना डॉक्टर व्हायचंच नव्हतं. जीव रमायचा कवितेत आणि संगीतात. वडिलांच्या आग्रहामुळे ते लष्करी डॉक्टर झाले. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. हे डास ज्याला चावले, त्या हुसेन खान या रुग्णाला डासामागे एक आणा मिळाला होता!

पुढच्याच महिन्यात बदली. मुंबईमार्गे थेट राजपुतान्यात, खेरवाड्याच्या भिल्ल पलटणीच्या छावणीत. तिथं मलेरियाचे रुग्णच फारसे नव्हते, काम अडलं. अखेर 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी डासामुळेच मलेरिया पसरतो हे सिद्ध केलं. 1902 मध्ये नोबेल मिळालं.

पण शोधानं ताप थांबत नाही. रॉस यांनी गावोगावी डासविरोधी पथकं उभारायची योजना मांडली: डबकी बुजवा, साचलेल्या पाण्यावर तेल टाका. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलियात ती चालली. प्रत्येक डास मारायची गरज नाही, संख्या पुरेशी घटली तरी साथ ओसरते, हे त्यांनी गणितानं दाखवलं. 1932 मध्ये ते गेले.

गडचिरोलीत मात्र हे शहरी सूत्र जसंच्या तसं चालत नाही. जंगलातले ओढे बुजवणार कसे? तिथं मदार आहे ती औषध लावलेल्या मच्छरदाण्यांवर आणि दारोदार रक्त तपासणाऱ्या आशाताईंवर.