नाना शंकरशेट व त्यांचे घराणे

गिरगावातून ग्रँट रोडकडे जाताना नाना चौक लागतो. आमचे किती तरी विद्यार्थी त्या चौकातून नित्य जातात. परंतु हे नाना कोण, असे विचारल्यास बहुतेकांस उत्तर सुचत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या अंकात नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे अल्प चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

या घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकाच्या मध्यास बाबुलशेट कोकणातून मुंबईस आले. त्यांचे पुत्र शंकरशेट यांनी व्यापारात मोठा लौकिक संपादिला, इतका की पुढे त्यांचेच नाव घराण्याचे आडनाव होऊन बसले. कोटातील गनबो स्ट्रीट हे नाव इंग्रजी वाटते खरे; पण ते याच घराण्यातील गणबाशेटांवरून पडले असे सांगतात. शंकरशेटांचे पुत्र जगन्नाथ यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. १८२२ साली वडील निवर्तले तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते, आणि पेढीचा सर्व भार त्यांच्या शिरावर येऊन पडला.

पेढीची पत त्यांनी राखली, नव्हे वाढविली. अरब व अफगाण व्यापारी आपले द्रव्य बँकेत न ठेविता नानांकडे ठेवीत, यावरून त्यांच्या शब्दाचे वजन किती होते हे दिसून येते. मात्र ज्या वयात धनिकांचे पुत्र चैनीत रमतात, त्याच वयात नानांनी विद्येच्या कार्यास हात घातला. एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिचे ते आधारस्तंभ झाले. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले, व त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. त्या खटपटीतही नाना अग्रभागी होते.

त्या काळी एतद्देशीयांस न्यायाच्या कामात फारसे स्थान नव्हते. १८३२ च्या कायद्याने त्यांस ग्रँड ज्युरीत बसण्याची व जस्टिस ऑफ द पीस होण्याची मोकळीक मिळाली, आणि १८३४ साली मुंबईत जे पहिले हिंदी जस्टिस नेमले गेले त्यांत नाना होते. हा केवळ मानाचा किताब नव्हता. शहराचे रस्ते, स्वच्छता व कर यांची देखरेख त्या वेळी जस्टिस मंडळींकडेच असे.

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो. सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश व बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. शिक्षणास मिळणारा पैसा थोडा. तेव्हा तो इंग्रजीतून मोजक्या लोकांस उत्तम शिक्षण देण्याकडे लावावा, असे त्यांचे मत होते. नानांस हे पटले नाही. विद्या सामान्य जनांपर्यंत पोहोचावयाची तर ती त्यांच्याच भाषेतून गेली पाहिजे, असे त्यांनी १८४७ साली बोर्डापुढे लेखी मांडिले. कर्नल जर्व्हिस, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे त्यांच्या बाजूस होते. बोर्डात उघड दोन तट पडले. स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारा, साहेबलोकांत वावरणारा हा गृहस्थ मराठीसाठी सरन्यायाधीशाशी वाद घालतो, हे आम्हांस विशेष वाटते. तथापि १८५२ साली पेरी साहेब विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ निधी जमविण्यात याच नानांनी पुढाकार घेतला. त्या निधीतून कायदेशास्त्राच्या अध्यापकाची जागा निर्माण झाली, व १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात कायद्याचे वर्ग सुरू झाले. मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज ते हेच.

१८४९ साली स्टुडंट्स सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढिल्या, तेव्हा जागा कोण देणार हा प्रश्न होता. मुलींनी शिकणे म्हणजे अनर्थ, अशी बहुतेकांची समजूत. नाना देवधर्माचे, जुन्या आचाराचे. तरी गिरगावातील आपल्या वाड्यात त्यांनी शाळेस जागा दिली. ज्ञातीत काय बोलले जाईल हे त्यांस ठाऊक नसेल असे नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती ज्या कंपनीची, तिच्या संचालकांत नाना होते. त्याआधी आठच महिन्यांपूर्वी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, त्यांच्याच पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती. राज्यकारभारात हिंदी लोकांस वाव द्यावा, असा अर्ज तिने पार्लमेंटाकडे धाडिला. आणि १८५७ च्या धामधुमीत याच नानांवर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेण्यात आला! चौकशी झाली व ते निर्दोष ठरले. पुढे १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ते सभासद म्हणून बसले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअरांचा बाजार त्याच महिन्यात कोसळला होता, व मुंबईतील कित्येक मोठमोठ्या पेढ्या त्यात बुडत होत्या. टाउन हॉलात नानांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. घराण्याचा वारसा पुत्र विनायकराव यांजकडे गेला.

नानांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत ठेवण्यात आली, आणि पिढ्यान् पिढ्या हुशार विद्यार्थ्यांची तिजसाठी चुरस लागे. १९१२ साली ती मिळविणारा एक मुलगा कोकणातला होता. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १९४३ साली तो रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला.